फाइल बोलत का नाही?

(वाचकांच्या प्रश्नांना या सदरात उत्तरं देणाऱ्या ताई एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी अभ्यासाचं साहित्य तयार करतात. त्या स्वतः पूर्ण अंध आहेत. सत्र सुरू होताना आलेल्या पत्रांतली काही पत्रं इथे घेतली आहेत.)

प्रश्न : ताई, मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय इतिहास. मला अजिबात दिसत नाही. सर वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नोट्स टाकतात. काही वहीच्या पानांचे फोटो असतात, काही पीडीएफ. फोटो उघडला की फोन गप्प बसतो. पीडीएफ उघडली की इंग्रजीत काहीतरी बरळतो. मित्र म्हणतो, महागातला फोन घे. घरी तेवढी ऐपत नाही.
— विद्यार्थी, परभणी

उत्तर : फोन ठणठणीत आहे. बिघाड फाइलमध्ये आहे, आणि तोही दोन प्रकारचा.

फोटो म्हणजे नुसतं चित्र. त्यात टॉकबॅकला, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या फोनमधल्या स्क्रीन रीडरला, वाचण्यासारखं अक्षर एकही नसतं, म्हणून तो गप्प. छापील पानाचा फोटो असेल तर तो गूगल ड्राइव्हवर चढव आणि संगणकावर तिथून गूगल डॉक्समध्ये उघड. चित्राखाली मजकूर निघून येतो, मराठीसुद्धा. पान सरळ असलं, उजेड पुरेसा असला, तर बराच नीट निघतो. ‘घर’चं ‘धर’ होतं, जोडाक्षरं फुटतात, पण ते कानाला लगेच खटकतं. आकड्यांचं तसं नाही. साल चुकलं तरी वाक्य ऐकायला तितकंच खरं वाटतं. तुझा विषय इतिहास, तेव्हा सनावळी एकदा कुणाकडून तरी ताडून घे. हाताने लिहिलेल्या वहीपुढे मात्र हे यंत्र हात टेकतं. तिथे मित्राला सांग, फोनवरचं मराठी व्हॉइस टायपिंग चालू करून नोट्स मोठ्याने वाच. त्याचीही उजळणी होते. (महागडा फोन सुचवणाऱ्या मित्रालाच हे काम दे.)

आता पीडीएफ. तुझ्या सरांनी, किंवा त्यांच्या डीटीपीवाल्याने, तो मजकूर कृतिदेव, श्रीलिपी, शिवाजी अशा जुन्या फॉन्टात टाइप केलेला असणार. या फॉन्टांत डोळ्यांना मराठी दिसतं, पण संगणकाने आत इंग्रजी अक्षरं साठवलेली असतात. कृतिदेवमध्ये ‘मराठी’ हा शब्द ई, जे, के, बी, एच या पाच अक्षरांचा असतो. फॉन्ट त्या प्रत्येकावर म, र, काना, ठ, वेलांटी यांचं रूप चढवतो. आपल्या फोनला रूप दिसत नाही. तो आत जे आहे ते इमानाने वाचतो, आणि आपल्याला ते बरळणं वाटतं. युनिकोडमध्ये टाइप केलेल्या मजकुरात म हा आतूनही म असतो.

म्हणून सरांकडे पीडीएफ मागू नकोस, वर्डची मूळ फाइल माग. मजकूर युनिकोडमध्ये असेल तर काही करावंच लागणार नाही. कृतिदेवमध्ये असेल तर युनिकोडमध्ये बदलून देणारी साधनं इंटरनेटवर फुकट मिळतात, काम काही मिनिटांचं असतं. पीडीएफ झाली की युनिकोड मराठीचीही कधी कधी आतून मोडतोड होते. वेलांट्या जागा सोडतात, रफार हरवतो. मूळ फाइल ती मूळ फाइल.

सरांना पुढचं वाचून दाखव. सर, तुमची पीडीएफ उघडा. माउसने एक शब्द निवडा, कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये चिकटवा. मराठी शब्द उमटला तर बहुतेक ठीक आहे. इंग्रजी अक्षरं किंवा चौकोन उमटले तर तुमचा विद्यार्थी तेच ऐकतो आहे. शब्द निवडताच आला नाही तर ते पान म्हणजे फोटो आहे. या चाचणीला ना खर्च आहे, ना कुणाची परवानगी लागते.

आणखी एक. या नोट्ससाठी महाविद्यालयाकडे अर्ज करशील तेव्हा ‘लवकरात लवकर’ असं लिहू नकोस, कार्यालयात त्या शब्दांना काही अर्थ नसतो. ‘वर्गाला ज्या दिवशी मिळतील त्याच दिवशी’ असं लिही. सत्र संपताना हातात पडलेल्या नोट्सवर कुणीही उत्तीर्ण होत नाही, डोळसही नाही.

प्रश्न : मी अर्थशास्त्र शिकवतो. यंदा वर्गात एक दृष्टिहीन मुलगी आहे. मजकूर टाइप करून देतो, पण आकृत्यांचं काय? सूक्ष्म अर्थशास्त्राचा निम्मा तास फळ्यावर वक्र काढण्यात जातो. तिला आकृत्यांचे प्रश्न वगळायला सांगावं का?
— सहायक प्राध्यापक, सातारा

उत्तर : वगळायला मुळीच सांगू नका, सर. त्यात ती विषयाचा कणाच वगळून बसेल.

आधी बोलणं बदला. ‘किंमत कमी झाली की आपण असं इकडे येतो, आणि उत्पन्न वाढलं की हा असा इकडे सरकतो.’ फळ्याकडे पाहणाऱ्याला हे पुरतं. तिला यातून मागणीचा विस्तार कुठला आणि वृद्धी कुठली हेही कळत नाही. एकात त्याच वक्रावर खाली उतरायचं असतं, दुसऱ्यात अख्खा वक्र उजवीकडे जातो, आणि परीक्षेत नेमका हाच फरक विचारतात. त्याऐवजी म्हणा: ‘उभ्या अक्षावर किंमत, आडव्या अक्षावर नग. किंमत वीस रुपये तेव्हा मागणी दहा नग. किंमत दहा झाली, मागणी वीस नग. दोन्ही बिंदू एकाच वक्रावर. आता किंमत दहाच राहू द्या, पण लोकांचं उत्पन्न वाढलं आणि मागणी तीस झाली. हा बिंदू त्या वक्रावर बसत नाही, त्याच्यासाठी उजवीकडे नवा वक्र काढावा लागतो.’ ‘असं’, ‘इकडे’, ‘हे बघा’ या शब्दांवर आठवडाभर बंदी घालून पाहा. मागच्या बाकावरच्या डोळस मुलांच्या वहीतल्या आकृत्याही सुधारतील, पैज लावते.

मग आकृती तिच्या हातात द्या. त्यासाठी यंत्र लागत नाही. शिवणकामाच्या सामानाच्या दुकानात कापडावर खुणा करायचं दातेरी चाक मिळतं. जाड ड्रॉइंग पेपरखाली रबराची चटई ठेवा आणि चाक दाबून फिरवा. कागदाच्या मागच्या बाजूला टिंबांची रेघ उठते, ती बोटाला स्पष्ट लागते. रेघ मागे उठत असल्याने आकृती आरशातल्यासारखी उलटी काढायची असते. हे विसरलात तर तुमचा मागणीचा वक्र तिच्या हातात पुरवठ्याचा वक्र होऊन पडेल, आणि ती बिचारी अर्थशास्त्रालाच दोष देईल.

अक्ष आणि वक्र बोटाला वेगळे लागले पाहिजेत. अक्षांसाठी फेव्हिकॉलने दोरा चिकटवा, वक्रासाठी चाक वापरा. एका कागदावर एकच आकृती काढा, कारण पुस्तकात शेजारी शेजारी छापलेल्या तीन आकृत्या बोटाखाली नुसता गुंता होतात. नावं ब्रेलमध्ये घालण्याआधी तिला ब्रेल येतं का ते विचारा. उशिरा दृष्टी गेलेल्या पुष्कळांना येत नाही. तसं असेल तर तिचं बोट रेघेवरून फिरत असताना शेजारी बसून बोला. पहिल्या दोन-तीन आकृत्यांना वेळ लागतो, पुढे ती तुमच्या पुढे असते.

टाइप केलेल्या नोट्समध्ये आकृती असेल तर वर्डमध्ये चित्रावर उजवी कळ दाबा, ‘ऑल्ट टेक्स्ट’ नावाचा रकाना उघडतो. तिथे ‘मागणी वक्राची आकृती’ एवढंच लिहून थांबू नका. वक्र कुठून कुठे जातो, समतोल कोणत्या किमतीला होतो, ते दोन वाक्यांत लिहा. आणि तक्ते कृपा करून खरोखरचे तक्ते म्हणून घाला. स्पेसबार दाबून दाबून जुळवलेले रकाने डोळ्यांना सरळ दिसतात, पण स्क्रीन रीडरला ती एक सलग ओळ असते. कोणता आकडा कोणत्या वर्षाचा, ते कळायला मार्ग राहत नाही.

शीर्षकांचंही तेच. अक्षर मोठं आणि ठळक केलं म्हणजे शीर्षक झालं असं आपल्याला वाटतं, संगणकाला नाही. वर्डमधली ‘हेडिंग’ ही शैली वापरलीत तर एनव्हीडीएसारख्या स्क्रीन रीडरवर ती एच ही एक कळ दाबत प्रकरणातून प्रकरणात जाईल. नाहीतर चाळीस पानं पहिल्यापासून ऐकत बसायची. एनव्हीडीए हा फुकट मिळणारा, मुक्त स्रोत कार्यक्रम आहे. २००६ साली एका ऑस्ट्रेलियन अंध तरुणाने त्याची सुरुवात केली. विंडोजवर चालतो, मराठीही वाचतो. अंगभूत आवाज खडखडीत आहे खरा, पण सवय झाली की त्याचा वेग इतका वाढवता येतो की शेजारच्याला शब्दसुद्धा कळत नाही. तुमच्या संगणकावर एकदा तो बसवा, पडदा बंद करा आणि स्वतःच्याच नोट्स ऐका.

प्रश्न : माझ्या मुलीला दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं. श्रवणयंत्र आहे. यंदा बी.कॉम.ला प्रवेश घेतला. महाविद्यालयाला अडचण सांगितली तर ‘परीक्षेत लेखनिक देऊ’ म्हणाले. तिचं अक्षर मोत्यासारखं आहे हो!
— एक आई, जळगाव

उत्तर : तुमचं उद्गारचिन्ह पोचलं. दिव्यांग म्हटलं की लेखनिक आणि चाकाची खुर्ची यांपलीकडे पुष्कळांचं डोकं चालत नाही. तिचा प्रश्न परीक्षेच्या तीन तासांत नाही, वर्षभराच्या वर्गात आहे.

श्रवणयंत्र सगळेच आवाज मोठे करतं, पंख्याचा आणि मागच्या बाकावरच्या कुजबुजीचासुद्धा. त्यामुळे तुमची मुलगी बरंचसं ओठांवरून वाचत असणार. फळ्याकडे तोंड करून बोलणारे शिक्षक तिच्यासाठी त्या वेळी बोलतच नसतात. वर्गशिक्षकांना तीन गोष्टी लेखी द्या: जागा पुढच्या बाकावर, पण चेहरा दिसेल अशा कोनात. बोलताना तोंड वर्गाकडे. तासाचे मुद्दे आदल्या दिवशी. तिसरी सगळ्यांत महत्त्वाची, कारण ‘घसारा’ हा शब्द आधी वाचलेला असेल तरच तो ओठांवर ओळखता येतो.

अँड्रॉइडवर लाइव्ह ट्रान्स्क्राइब नावाचं ॲप आहे. समोरचं बोलणं ते पडद्यावर लिहून दाखवतं, मराठीही. फोन शिक्षकांच्या जवळ असावा लागतो आणि तांत्रिक शब्दांवर ते घसरतं, तेव्हा त्याच्यावर विसंबू नका, आधाराला ठेवा. शिक्षक ध्वनिचित्रफिती पाठवत असतील तर सोबत टाइप केलेला मजकूर मागा. आपोआप उमटणाऱ्या उपशीर्षकांत हिशेबाचे आकडे चुकले तर ती ताळेबंद कसा जुळवणार?

ती खाणाखुणांची भाषा वापरत असेल तर बाब वेगळी. मग वर्गात दुभाषी लागेल, आणि ती मागणी प्रवेशाच्या वेळीच नोंदवायला हवी.

प्रश्न : मी ग्रंथपाल आहे. एका अंध विद्यार्थ्यासाठी पूर्ण पुस्तक स्कॅन करून द्यायचं आहे. प्रकाशकाने दावा लावला तर? सहकारी घाबरवतात.
— सोलापूर

उत्तर : सहकाऱ्यांना प्रताधिकार कायद्याचं कलम ५२ वाचायला द्या. २०१२ च्या दुरुस्तीने त्यात एक पोटकलम आलं. अपंगत्वामुळे नेहमीचं पुस्तक ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी ते वाचता येईल अशा स्वरूपात आणणं हा प्रताधिकाराचा भंग ठरत नाही. अटी सरळ आहेत. नफा कमवायचा नाही, घेतलाच तर केवळ तयार करण्याचा खर्च घ्यायचा, आणि प्रत अशा व्यक्तींनाच द्यायची. देशादेशांत अशा प्रतींची देवाणघेवाण व्हावी म्हणून २०१३ साली माराकेश करार झाला. २०१४ मध्ये त्याला मंजुरी देणारा पहिला देश भारत होता. तेव्हा निर्धास्तपणे स्कॅन करा. फाइल वर्गाच्या ग्रुपवर मात्र टाकू नका.

त्याआधी सुगम्य पुस्तकालयात शोधा. २०१६ साली सुरू झालेलं हे ऑनलाइन ग्रंथालय आहे, एका संस्थेने केलेलं पुस्तक दुसरीने पुन्हा करायला लागू नये यासाठी. पदवीच्या मराठी संदर्भग्रंथांच्या बाबतीत माझी तिथे निराशाच जास्त होते. तुम्ही केलेलं पुस्तक एखाद्या सदस्य संस्थेमार्फत तिथे पोचवा, म्हणजे पुढच्याची निराशा कमी होईल.

कामाविषयी थोडं. प्रकाशकाला फोन करून मूळ फाइल मागून पाहा. अनेक जण देतात, फक्त ती बहुधा श्रीलिपीत निघते. स्कॅन करायचंच झालं तर पुस्तक दाबून सपाट करा, शिवणीकडे वळलेल्या ओळींचा लगदा होतो. मजकूर काढल्यावर मुद्रितशोधनाला राष्ट्रीय सेवा योजनेची मुलं घ्या. प्रत्येक छापील पान जिथे सुरू होतं तिथे त्याचा क्रमांक घाला. ‘पान ११२ उघडा’ असं वर्गात म्हटलं जातं तेव्हा आमची बोटं उगाच कळांवरून धावत असतात. तळटीपा वाक्याच्या मधोमध घुसतात, त्या उचलून परिच्छेदाखाली ठेवा. आणि अख्खं पुस्तक संपेपर्यंत थांबू नका. वर्गात पहिलं प्रकरण चालू असेल तर पहिलं प्रकरण आजच द्या.

प्रश्न : मी अभियांत्रिकीला आहे. डिस्लेक्सिया आहे हे बारावीनंतर कळलं. ग्रंथालयाचा दिव्यांग कक्ष माझ्यासाठी नाही, असं वाटतं. तिथे सगळे अंध असतात.
— सांगली

उत्तर : खुशाल जा. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात एकवीस प्रकार आहेत, विशिष्ट अध्ययन अक्षमता त्यांतलाच एक, आणि तुझा डिस्लेक्सिया, म्हणजे अक्षरं वाचण्यातली अडचण, तिच्यातच येतो. आमच्यासाठी केलेली फाइलच तुलाही उपयोगी पडते. तू ती ऐकत ऐकत डोळ्यांनी वाच, अक्षर मोठं कर, ओळींमधलं अंतर वाढव. कक्षातली मंडळी तुला बघणार नाहीत, याची हमी माझी.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाला दिव्यांग सुविधांसाठी निधी मिळाला आहे, मार्चअखेर खर्च करायचा आहे. ब्रेल छपाईचं यंत्र घ्यावं असा प्रस्ताव आहे. आपलं मत?
— प्राचार्य, विदर्भ

उत्तर : माझं मत तुम्हाला आवडणार नाही, सर. घेऊ नका. निदान आधी घेऊ नका.

ब्रेलच्या विरोधात मी नाही. गणित, भाषा, शुद्धलेखन यांना ब्रेलसारखं काही नाही, आणि मी स्वतः रोज वाचते. पण त्या यंत्राला जाड कागद लागतो, वेगळं सॉफ्टवेअर लागतं, आणि मराठीचं ब्रेल तपासू शकणारा माणूस लागतो. तो नसेल तर यंत्रावर प्लास्टिकचं कव्हर चढतं आणि मूल्यांकन समिती आली की उतरतं. मी असे कक्ष पाहिले आहेत. उद्घाटनाची फीत फोटोत असते, आतल्या संगणकावर स्क्रीन रीडर बसवलेला नसतो.

तुमच्याकडे आज असलेल्या दिव्यांग विद्यार्थ्यांना एकदा बोलावून विचारा. हे प्रस्ताव लिहिण्याआधी करायचं, नंतर नाही. मग बऱ्यापैकी स्कॅनर घ्या. नियम परवानगी देत असतील तर टाइप आणि मुद्रितशोधन करणाऱ्याचं मानधन ठेवा, मला विचाराल तर सगळ्यांत मोठा आकडा तिथेच हवा. ब्रेल वाचणारी मुलं असतील तर टिंबं वरखाली होणारी छोटी ब्रेल पट्टी घ्या. ऑर्बिट रीडर २० नावाच्या अशा पट्टीवर एका वेळी वीस अक्षरं उमटतात, कागद लागत नाही, पुस्तकं मेमरी कार्डात मावतात. आणि प्राध्यापकांची एक दुपार घ्या: कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवण्याची चाचणी, हेडिंग, ऑल्ट टेक्स्ट. एवढं पुरे. विद्यापीठ अनुदान आयोगाची २०२२ ची सुगम्यता मार्गदर्शक तत्त्वं टिपणीला जोडलीत तर लेखा विभागही कमी शंका काढेल.

अनुदानित महाविद्यालयात लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्यांसाठी किमान ५ टक्के जागा राखीव आहेत. त्या भरायला लागल्या की एक यंत्र आणि एक उत्साही शिपाई यांच्यावर भागणार नाही.

प्रश्न : परीक्षा अर्ज ऑनलाइन भरताना शेवटी चित्रातली अक्षरं ओळखायला सांगतात. मला ती दिसत नाहीत. दरवेळी सायबर कॅफेवाल्याला पासवर्ड सांगावा लागतो.
— एम.ए., रत्नागिरी

उत्तर : त्याला कॅप्चा म्हणतात. आपण यंत्र नसून माणूस आहोत हे सिद्ध करायची ती परीक्षा, आणि तिच्यात आपण अंध माणसं दरवेळी नापास. ऐकू येणारा पर्याय देता येतो. पुष्कळ संकेतस्थळं देतात, विद्यापीठांच्या कंत्राटदारांना ते सुचत नाही.

३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जीविताच्या हक्काचा भाग आहे. ते प्रकरण बँका-मोबाइलच्या ओळख पडताळणीचं होतं. कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावून दाखवा म्हणायचे, आणि अर्जदारांत ॲसिडहल्ल्यातून वाचलेल्या व्यक्ती आणि एक अंध व्यक्ती होती. तुझ्या अर्जात त्या निकालाचा उल्लेख कर.

अर्ज परीक्षा विभागाला कर आणि त्याची प्रत राज्याच्या दिव्यांग आयुक्तांना दे. दिव्यांगांचा हक्क डावलला गेला तर २०१६ च्या कायद्याच्या कलम ८० प्रमाणे ते चौकशी करू शकतात. ‘संकेतस्थळ चालत नाही’ असं मोघम लिहू नकोस, कंत्राटदार ‘आमच्याकडे चालतं’ म्हणून मोकळा होतो. कोणतं पान, कोणता ब्राउझर, कोणता स्क्रीन रीडर, कोणत्या रकान्यानंतर काय ऐकू आलं, ते लिही. ज्या बटणांवर नुसतं ‘बटण, बटण, बटण’ ऐकू येतं तीही नोंदव. दुरुस्ती होईपर्यंत अर्ज कागदावर, विलंब शुल्काशिवाय स्वीकारावा अशी मागणी त्याच पत्रात असू दे, आणि पत्र शेवटच्या तारखेच्या बरंच आधी जाऊ दे. पोच घे.   आणि पासवर्ड आजच बदल.